न बघता दिलेला ठिपका

चाचांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायम पिवळं असायचं. सकाळी कामावर आले की ते शर्टाच्या खिशातून पिवळा मार्कर काढायचे, टोपण उघडायचे आणि दिवसाचा पहिला ठिपका स्वतःच्या नखावर द्यायचे. तो नीट उमटला की मगच खुर्चीवर बसायचे. मी एकदा विचारलं, “कागदावर का नाही बघत?”

“कागद फेकून देतो मानूस,” ते म्हणाले. “नख कुठं फेकनार?”

तळवड्याला पत्र्याच्या शेडमध्ये आमची लहानशी कंपनी होती. तिथे मोटरसायकलच्या ब्रेकचे लिव्हर बनायचे, आपण उजव्या हाताच्या बोटांनी दाबतो ते. पलीकडे भट्टी आणि मशीन, अलीकडे काचेच्या दाराआड आमची खोली. खोलीत चार बायका आणि चाचा. वर ट्यूबलाइट, समोर पांढरं कापड घातलेलं टेबल. लिव्हर उचलायचा, उजेडात फिरवून बघायचा, चांगला असेल तर आतल्या बाजूला पिवळा ठिपका द्यायचा. खराब असेल तर लाल डब्यात टाकायचा. पन्नास लिव्हरचा एक ट्रे. प्रत्येक ट्रेला एक चिठ्ठी, तिच्यावर तारीख, ट्रेचा नंबर आणि बघणाऱ्याचा नंबर. ठिपका मिळालेले लिव्हर टेम्पोने चाकणच्या मोठ्या कंपनीत जायचे आणि तिथे नव्या गाड्यांना लागायचे.

लिव्हर जिथे गाडीला अडकतो तिथे त्याची मान असते. तडा गेला तर तिथेच जायचा, डोक्याच्या केसाएवढा. आम्ही लिव्हर एकदा फिरवायचो. चाचा तीनदा. एकदा उजेडाकडे, एकदा उजेडाला पाठ करून आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून, नुसतं बोट मानेवरून फिरवत.

माझ्या शेजारी रंजना बसायची, लातूरकडची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, “चाचा, लिव्हर बघायलात का नवरी बघायलात?”

“नवरी म्या येकदाच बघितली,” चाचा मान वर न करता म्हणायचे. “त्याची सजा भोगतोय.”

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण तोंडावर पदर धरून. मला चार माणसांत बोलायला, हसायला फार लाज वाटते, अजूनही वाटते. गंमत अशी की चाचा घरी गेले की हेच वाक्य चाचींना जसंच्या तसं सांगायचे. चाचींनीच मला पुढे ते सांगितलं. “दुपारी काय बोलले ते संध्याकाळी सांगतात. लपवता येत नाही ह्यांना. पोटात दुखतं.”

ते देहूरोडचे. जन्म तिथलाच. आधी गॅरेजमध्ये मेकॅनिक होते, मग एका मोठ्या कंपनीत तपासणीला, आणि तिथून सुटल्यावर आमच्याकडे. वय साठीच्या पुढे. बोलणं जुन्या गावातल्या माणसासारखं. फोन आला की कधी “रस्त्यात आहे” म्हणायचे नाहीत. एकदा आमच्या सुपरवायझरांचा फोन आला, चाचा कुठे पोचलात म्हणून. चाचांनी सांगितलं, “अजून निघालो न्हाई. च्या पितोय. चपला बी घातल्या न्हाईत.” सुपरवायझर खोलीत येऊन आम्हालाच म्हणाले, “अरे, निदान निघालोय म्हणायचं ना माणसाने!”

खरं सांगायचं तर त्यांच्या या खरेपणाचा आम्हाला त्रासच व्हायचा. मी एकदा घरी पाणी भरायच्या नादात उशिरा आले. वॉचमनने वेळेवर आल्याचं लिहिलं होतं. सुपरवायझरांनी सहज विचारलं, “सगळ्या वेळेवर आल्या ना?” बाकी सगळ्या हो म्हणाल्या. चाचा म्हणाले, “ही सात मिन्टं उशिरा आली.” त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे पाठ करून बसले. त्यांनी आपल्या डब्यातला मटणाचा तुकडा माझ्या झाकणात आणून ठेवला आणि परत जाऊन जेवायला बसले.

त्यांना एकच मुलगी. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तिला बघायला पाहुणे आले, चाचींनी शिरखुर्मा केला, मुलगी मुद्दाम डावी बाजू भिंतीकडे करून बसली. सगळं जमत आलं तेव्हा चाचा म्हणाले, “येक सांगायचं ऱ्हायलं. पोरीला या कानानं ऐकू येत न्हाई. जरा इकडच्या बाजूनं बोला.” पाहुण्यांनी वाट्या खाली ठेवल्या आणि निघून गेले. चाची महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. असं आणखी दोनदा झालं. चौथ्या वेळी सोलापूरचे लोक आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आमच्या पोराला दम्याचा त्रास आहे. आम्हीपण सांगणार नव्हतो.” ते लग्न झालं.

हे सगळं चाचा आम्हाला लिव्हर फिरवता फिरवता सांगायचे. शौर्य सांगतोय असं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं.

माझंही एक खोटं त्यांना माहीत होतं. मी चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचता येतं, लिहिता येतं, हळूहळू. इंग्रजी येत नाही. पण ज्या ठेकेदाराने मला कामाला लावलं, त्याने फॉर्मवर दहावी पास लिहिलं होतं. “दहावी नसेल तर तपासणीत घेत नाहीत ताई, मशीनवर जावं लागेल,” तो म्हणाला होता. मशीनवर गेलेल्या दोन बायकांची बोटं मी बघितली होती. मी गप्प बसले.

आमच्या खोलीत भिंतीवर कामाच्या सूचनांचा इंग्रजी कागद होता. एकदा तो बदलला, आणि नव्या कागदाप्रमाणे न करता मी जुन्या पद्धतीने ट्रे लावत राहिले. चाचांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, “पोरी, तुला त्ये वाचता येत न्हाई?”

माझ्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. मी मानेनेच नाही म्हटलं.

“शाळा किती?”

“चौथी.”

“फारमावर?”

“दहावी.”

ते बराच वेळ मार्करचं टोपण उघडत आणि लावत राहिले. मग म्हणाले, “हे बघ. मी आपनहून कुनाला सांगायला जानार न्हाई. पन मला कुनी विचारलं, तर खोटं बोलनार न्हाई. तवा कुनी विचारू नये म्हनून तुझ्या देवाला सांग. मी माझ्या अल्लाला सांगतो.”

दुसऱ्या दिवशी त्या कागदाखाली वहीचं एक पान चिकटवलेलं होतं. त्यावर पेनने काढलेली चित्रं होती, ट्रे कसा लावायचा, चिठ्ठी कुठे, लाल डबा कुठे. सुपरवायझरांनी विचारलं, हे काय? चाचा म्हणाले, “इंग्रजी कळत न्हाई त्यांच्यासाठी.” कोणासाठी ते सुपरवायझरांनी विचारलं नाही. मी खाली मान घालून लिव्हर फिरवत होते. त्या दिवसापासून खोलीत कोणी चाचांना काहीही विचारू लागलं, तरी मी हातातला लिव्हर तसाच धरून त्यांचं उत्तर ऐकायचे.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती टाळून चाचांचं काही लिहिता येणार नाही.

आम्हा बायकांची एक पद्धत होती. टेम्पो दारात आला आणि ट्रे शिल्लक असले, की लिव्हर टेबलावर ओळीने मांडायचे, सगळ्यांची आतली बाजू वर, आणि मार्कर घेऊन टक टक टक ठिपके देत जायचं. बघायचं नंतर, वेळ मिळाला तर. वेळ मिळत नसे. आम्ही त्याला पेरणी म्हणायचो. “चल गं, पेरून घेऊ,” रंजना म्हणायची. चाचा खोलीत असताना पेरणी व्हायची नाही. पण शुक्रवारी दुपारी ते नमाजाला जायचे, दीड तास. तेवढा वेळ संध्याकाळी जास्त बसून भरून द्यायचे. पेरणी शुक्रवारची असायची.

त्या शुक्रवारी निघताना चाचांनी त्यांचे तीन ट्रे बाजूला ठेवले. अठरा, एकोणीस, वीस. चिठ्ठ्या आधीच लिहिलेल्या होत्या, त्यांचाच नंबर घातलेला. ते मला म्हणाले, “हे तीन ऱ्हाऊ दे. आल्यावर बघतो.” आणि गेले.

ते जाऊन पंधरा मिनिटं झाली असतील, टेम्पो आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. सुपरवायझर काचेचं दार ढकलून आत आले. “चाकणला माल कमी आहे. लाईन थांबली तर आपल्या नावाने बोंब होईल. हे तीन ट्रे कुणाचे?”

“चाचांचे,” रंजना म्हणाली.

“बघून टाका पटकन. कोण बघतंय?”

कोणी हललं नाही. मी हात पुढे केला. का केला, मला आजही नीट सांगता येत नाही. चाचांचं काम मागे पडू नये, त्यांना कोणी बोलू नये, असं वाटलं हे खरं. सुपरवायझर माझ्या डोक्यावर उभे होते आणि मला त्यांच्यासमोर नाही म्हणता येत नाही, हेही खरं. दीडशे लिव्हर मी ओळीने मांडले आणि ठिपके देत गेले. दहा मिनिटांत तिन्ही ट्रे टेम्पोत गेले. एकही लिव्हर मी उलटून बघितला नव्हता.

चाचा परत आले. जागा रिकामी बघून थबकले.

“माझे ट्रे?”

“गेले,” मी म्हणाले. “टेम्पो आला होता. मी बघितले.”

“तू बघितलेस?”

“हो.”

“तीनदा?”

मी एका क्षणात हो म्हणाले. इतकं सोपं होतं ते. चाचांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. “तुझी नजर तरनी हाय,” ते म्हणाले. “माझ्यापरीस चांगली.” आणि कामाला बसले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. माझे मालक चाकणला कंत्राटी कामाला जातात, मोटरसायकलवर. त्यांची गाडी जुनी, तिला आमचा लिव्हर असायचं कारण नव्हतं. तरी सकाळी ते गाडी बाहेर काढायचे तेव्हा मी पायरीवर उभी राहून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहायचे. त्यांच्या मागे बसून बाजारात गेले की सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या गाड्या बघायचे. नंबरपाटी नाही, सीटला प्लास्टिक तसंच, मागे बायको, पुढे टाकीवर लहान मूल. मालकांनी एकदा विचारलं, “नवी गाडी पाहिजे का तुला? सारखी बघत असतेस.” मी नाही म्हणाले.

बुधवारी चाकणहून एक लिव्हर परत आला. मानेतून तुटलेला. नवी गाडी जोडून झाल्यावर एका कामगाराने ब्रेक दाबून बघितला, आणि लिव्हर त्याच्या हातात आला. गाडी जागेवर उभी होती, कोणाला काही झालं नाही. आतल्या बाजूला पिवळा ठिपका होता. ट्रेच्या चिठ्ठीवर शुक्रवारची तारीख आणि चाचांचा नंबर होता. ट्रेचा नंबर असलेला चिठ्ठीचा कोपरा मात्र फाटला होता.

मॅनेजर साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो तुटका लिव्हर कागदावर ठेवला होता. चाचांनी तो उचलला आणि तीनदा फिरवला. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग खाली ठेवला.

“तडा जुना हाय,” ते म्हणाले. “आतून काळा पडलाय. हितूनच गेलाय.”

“नंबर तुमचा आहे चाचा,” मॅनेजर म्हणाले.

“व्हय. त्या दिवशी माझे वीस ट्रे व्हते. त्यातले शेवटचे तीन हिनं बघितले.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रंजना तेवढी खाली बघत होती. तिला माहीत होतं. “पन हिनं तीनदा फिरवून बघितले. मी विचारलं व्हतं.” ते माझ्याकडे वळले. “बघितले व्हते ना पोरी?”

केबिनमध्ये पंखा चालू होता. मॅनेजर, सुपरवायझर, चाचा, बाकीच्या दोघी बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता नाही म्हणाले तर पुढचा प्रश्न येईल, सूचनेचा कागद वाचला नव्हता का, आणि त्याच्या पुढचा प्रश्न शाळेचा. आणि उत्तर द्यायला चाचा समोरच उभे आहेत.

मी मान हलवली. हो.

“झालं तर मग,” चाचा म्हणाले. “ही खोटं बोलनार न्हाई. म्हंजे माझ्याच हातनं गेलाय. माझी नजर गेली, साहेब. तुमी ते वीसच्या वीस ट्रे परत मागवा. माझ्यावर भरवसा ठेवू नका.”

“हजार पीस?” मॅनेजर म्हणाले. “चाचा, येडे झालात का? हजार पीस परत मागवले तर कंपनी बंद पडेल. एक पीस गेला. होतं असं. मी लिहून पाठवतो, तपासणाऱ्याची नजर कमी झाली होती, त्याला काढलं. संपलं.”

“मला काढा. पन माल मागवा.”

“ते मी बघतो.”

“बघतो म्हंजे काय? मागवनार का न्हाई, येक काय ते सांगा.”

मॅनेजर समोरचे कागद आवरू लागले. चाचांनी खिशातला मार्कर काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. डबा घ्यायलाही थांबले नाहीत. सुपरवायझर कोणाला तरी म्हणाले, “सुटलो बुवा.”

बाहेर आल्यावर रंजना माझ्या कानाशी म्हणाली, “गप राहिलीस ते बरं केलीस. नाहीतर आपण चौघी घरी.”  तिचंही चुकत नव्हतं. तिच्या घरात कमावणारी ती एकटी.

चौथ्या दिवशी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, मी घरी न जाता रिक्षाने देहूरोडला गेले. चाचांचा विसरलेला डबा पिशवीत घेतला होता. डबा द्यायला आले असं सांगता येईल, असं मनात होतं. बाजाराच्या मागे त्यांचं घर. दारात चाची उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “तू कंपनीतली ना? ये, बघ तुझ्या चाचांचं काय चाललंय ते.”

चाचा ओसरीवर ताट घेऊन बसले होते. ताटात तांदूळ. एकेक दाणा बाजूला करत, खाली वाकून, नाक ताटाला लागेल इतकं जवळ जाऊन ते खडे शोधत होते.

“चार दिवस झाले,” चाची म्हणाल्या. “रोज तांदूळ निवडतात, आणि मग मला म्हणतात, परत बघ. मी बघते. मला एक खडा सापडत नाही. तरी म्हणतात, नीट बघ, माझी नजर गेली. रात्री विचारतात, माझ्या हातून किती गेले असतील गं? मी काय सांगू? काल फोनवर नातवाला बघून म्हणाले, त्याच्या बापाला सांग, नवी गाडी घेऊ नको.”

चाचांनी मान वर केली. “आलीस? बस.” आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. “तुझी नजर चांगली हाय. तू बघ जरा.”

मी त्या ताटाकडे बघत राहिले. त्यात खडा नव्हता. एकही नव्हता.  

“चाचा, मी नव्हते बघितले.”

“काय?”

“ते तीन ट्रे. मी एकही लिव्हर बघितला नव्हता. नुसते ठिपके दिले. पेरले. केबिनमध्ये खोटं बोलले. त्याच्या आधीही खोटं बोलले. तुमच्या नजरेला काही झालेलं नाही.”

मला वाटलं ते ओरडतील. चाची हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या. चाचांनी ताट उचलून बाजूला ठेवलं.

“तीनच?” त्यांनी विचारलं.

“तीनच. त्या दिवशी तीनच.”

“नंबर?”

“अठरा, एकोणीस, वीस.”

“उठ,” ते म्हणाले आणि खुंटीवरचा शर्ट अंगात घालू लागले. “हजार मागवत न्हाई तो म्यानेजर. दीडशे मागवील. साडेपाचला घरी जातो. उठ लवकर.”

रिक्षात ते पुढे वाकून रस्ता बघत होते. बटणं चुकीची लावली होती, ते त्यांच्या लक्षात नव्हतं आणि मला सांगायचा धीर होत नव्हता. कंपनीच्या फाटकाशी उतरल्यावर मी म्हणाले, “चाचा, तुम्ही सांगा ना साहेबांना. मला नाही बोलता येणार.”

“मी न्हाई सांगनार. ठिपका तू दिलास.”

मॅनेजर साहेब बॅग भरत होते. चाचा दाराशी थांबले, मला पुढे केलं. मी कधी कोणत्याही साहेबाशी दोन वाक्यं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. शुक्रवार, टेम्पो, ट्रेचे नंबर, सगळं. सुपरवायझर माझ्या डोक्यावर उभे होते हेही सांगितलं. बाकीच्या बायकांचं नाव घेतलं नाही, कारण ते तीन ट्रे माझे होते.

मॅनेजर लाल झाले. “तुला कळत नाही? भिंतीवर एवढा कागद लावलाय, प्रत्येक पीस बघितल्याशिवाय खूण करायची नाही म्हणून. दहावी पास ना तू?” मग त्यांनी माझ्या डोक्यावरून मागे बघितलं. “चाचा, हिला वाचता येतं ना?”

 मी वळून बघितलं. चाचांचं तोंड उघडलं होतं आणि डोळे माझ्यावर होते. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. तुटका लिव्हर हातात घेतला तेव्हाही नाही.

“चौथी, साहेब,” मी म्हणाले. “मी चौथी शिकले. फॉर्मवर खोटं लिहिलंय.”

चाचांनी तोंड मिटलं.

मॅनेजरनी चाकणला फोन लावला. माझ्यासमोर लावला, कारण चाचा दारातून हलायला तयार नव्हते. ट्रेचे तीन नंबर त्यांनी दोनदा सांगितले. दोन ट्रे तिथे मांडणीवर तसेच होते. तिसऱ्यातले लिव्हर गाड्यांना लागले होते, पण त्या गाड्या अजून आवारात उभ्या होत्या. सगळे काढले. सगळे परत आले तेव्हा चाचांना बोलावून तपासायला बसवलं. त्यांना आणखी चार लिव्हर मानेत तडकलेले सापडले. रंजनाने मला हे फोनवर सांगितलं, कारण तोपर्यंत माझं काम गेलं होतं. ती म्हणाली, “चार गं. चार माणसं.” आणि रडली. पुढे म्हणाली की आता शुक्रवारी पेरणी होत नाही. सुपरवायझर किती ओरडले तरी ती मार्कर खिशात घालून बसते.

चाचा मात्र कामावर राहिले नाहीत. साहेबांनी परत या म्हटलं, तर म्हणाले, “डोळे तपासून येतो. येकदा शंका आली की आली.” डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय, अजून कच्चा आहे, काम करायला हरकत नाही. चाचांनी कंपनीत जाऊन मोतीबिंदूचं तेवढं सांगितलं आणि घरी आले. चाची म्हणाल्या, “दुसरंपण सांगायचं ना!” चाचा म्हणाले, “त्यांनी विचारलं न्हाई.”

मी आता चिखलीला एका ठिकाणी पॅकिंगला जाते. फॉर्म भरताना शाळा विचारली, मी चौथी सांगितली. लिहून घेणाऱ्या मुलीने वर बघितलंसुद्धा नाही.

काम गेल्यावर आठवड्याने मी देहूरोडला गेले होते. चाची पुढ्यात चहा ठेवून आत गेल्या. चाचा ओसरीवर बसले होते. मी विचारलं, “चाचा, माझ्यावर राग आहे का?”

दुसऱ्या कोणालाही विचारलं असतं तर तो म्हणाला असता, छे गं, राग कसला, विसर आता. चाचा म्हणाले, “हाय.”

चाची आतून ओरडल्या, “अहो, घरी आलेल्या पोरीला असं बोलतात का?”

“तिनं विचारलं,” चाचा म्हणाले. “तांदूळ निवडायला लावलेत हिनं मला चार दिवस. राग हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “च्या घे. थंड व्हतोय.”

मी चहा घेतला. तो चांगला गोड होता. मला रडू आलं नाही. उलट बरं वाटलं, का ते त्यांना सांगता आलं नाही.

त्यानंतर मी दोन-तीन महिन्यांनी जातच राहिले. ईदला गेले, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गेले. प्रत्येक वेळी निघताना मी तेच विचारायचे, आणि ते खरोखर विचार करून उत्तर द्यायचे. “हाय.” “हाय, पन पैल्यासारखा न्हाई.” आता दोघं मुलीकडे सोलापूरला राहायला गेलेत. मी फोन करते. मागच्या रविवारी केला. तब्येतीचं बोलून झालं, हवेचं झालं, मुलीच्या सासूचं झालं. मग मी विचारलं, “चाचा, आता?”

तिकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. 

“थोडा हाय अजून,” चाचा म्हणाले.

“बरं,” मी म्हणाले. “मग पुढच्या महिन्यात परत विचारीन.”

“विचार,” ते म्हणाले.